एक मूस आणि सात बंदुका

नाही, पण मला एक सांगा, टॉवेल माझाच का? गॅरेजमध्ये चिंध्यांचा हा एवढा ढीग पडलाय, तरी बंदूक ठेवायला टॉवेल लागतो तो माझाच, पाहुण्यांसाठी कपाटात वर ठेवलेला, पिवळा, काठाला फुलं असलेला, जो मी स्वतः अजून एकदासुद्धा तोंडाला लावलेला नाही… आणि हे एखाद्या दिवसाचं असतं तर मी बोललेही नसते हो, हे दर शनिवारचं आहे. दर शनिवारी साडेअकराला माझ्या जेवणाच्या टेबलावर तो टॉवेल पसरला जातो, त्यावर एक नवी बंदूक निजवली जाते, आणि तीन म्हातारे तिच्याभोवती बारशाला आल्यासारखे उभे राहतात. आमच्या दोन मुली झाल्या तेव्हा हार्लन पाळण्यात इतका वाकून बघत नव्हता.

हार्लन म्हणजे माझा नवरा. छत्तीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला, आता निवृत्त झालाय आणि मला ढकलतो. दुसरा डेलमार. हा गावाचा दातांचा डॉक्टर होता, अर्ध्या डायर क्रीकच्या दाढा त्यानं उपटल्यात, समोरच्यानं तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं आणि ह्यानं बोलायचं ही सवय त्याला तेव्हापासूनची. आणि तिसरा वेन्डल, शाळेची बस चालवतो. बायको सोडून गेली. का गेली ते मी सांगणार नाही, मला लोकांच्या घरात डोकावायची सवय नाही, पण तिच्या शिवणाच्या खोलीत आज अकरा बंदुका आहेत.

तर तुम्हाला सांगते, हे तिघं जमले की काय होतं. ज्यानं घेतली तो नुसता घसा खाकरतो. मग दुसरा ती उचलतो, बोल्ट मागे ओढतो, आत गोळी नाही ना ते बघतो, बाकीच्यांना दाखवतो, चांगली गोष्ट आहे, तेवढी अक्कल आहे. मग खांद्याला लावतो आणि एक डोळा मिटून भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरतो. ते हरीण माझ्या वडिलांनी मारलेलं, मी दुसरीत होते तेव्हा. गेली वीस वर्षं हे लोक त्याच एका मेलेल्या हरणावर नेम धरतायत. मग सुरू होतं. "वजन बघ वजन." "काय बसते रे खांद्याला." "चाप बघ, लोण्यासारखा." प्रत्येक बंदुकीला हेच. मी शप्पथ घेऊन सांगते, एकदा वेन्डलनं चुकून मागच्याच शनिवारची बंदूक पुन्हा आणली तर ह्या दोघांनी पुन्हा तेवढंच कौतुक केलं, आणि वेन्डलही गप्प ऐकत बसला.

आणि मग सगळे वळतात माझ्याकडे. मी ओट्याशी, एका हाताला राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं, दुसऱ्या हाताला दालचिनीच्या रोलचं पीठ कोपरापर्यंत. तर डेलमार म्हणणार, "अगं ओपल, हातात घेऊन बघ ना एकदा." बरं, मी म्हणते. हात धुते, टॉवेल तर टेबलावर पसरलेला, म्हणून एप्रनला पुसते, आणि घेते हातात. काळी असते. मागचीही काळी होती. "छान आहे," मी म्हणते. "छान काय, जरा खांद्याला लावून बघ," म्हणतो. लावते. हरणाकडे बघते. हरीण माझ्याकडे बघतं. आम्हा दोघांना एकच प्रश्न पडलेला असतो.

आणि कधी घेतली विचाराल तर कधीच नाही! हार्लनला विचारा. "ही? ही तर केव्हापासून आहे, तू बघितली नसशील." पन्नास वर्षं ह्या घरातला प्रत्येक चमचा मी मोजून ठेवते, आणि चार फूट लांब बंदूक मी बघितली नसेन. का, तर सगळ्या दिसतात सारख्या, आणि ह्याला वाटतं की बाईमाणसाला काय कळतंय.

आता मजा ऐका. ह्यातली एकही उडवलेली नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, वर्षातून एकदा दगडाच्या खाणीत जातात, दोन-दोन गोळ्या मारतात आणि चार तास त्याबद्दल बोलतात. पण शिकार? थंडी असते. बंदुकीला ओरखडा पडतो. गुडघा दुखतो. वेन्डलच्या एका बंदुकीवर अजून दुकानातलं प्लास्टिक आहे, तो त्या प्लास्टिकवरून हात फिरवतो. आणि ह्या घरात पन्नास वर्षं फ्रीझर कुणी भरलाय? मी. कशानं? माझ्या वडिलांच्या एका रायफलीनं, जिचा दस्ता लाकडी आहे आणि त्याला तारेच्या कुंपणात अडकून पडलेली ही एवढी खोक आहे. ती कधी कुणी टॉवेलवर ठेवली नाही. तिचं वजन कुणी बघितलं नाही. मला एकदाही कुणी म्हटलं नाही, ओपल, तुझी दे बरं हातात.

तर ह्या जूनमध्ये मला पत्र आलं. तुम्हाला माहितीच आहे, आमच्याकडे मूसच्या, म्हणजे त्या अवाढव्य शिंगाळ हरणाच्या, शिकारीच्या परवान्याची सोडत असते, दरवर्षी नाव घालायचं आणि दरवर्षी नाही आलं म्हणून पत्र वाचायचं. मी चोवीस वर्षं नाव घालतेय. माझे वडील एकतीस वर्षं घालत होते आणि नाव न येताच गेले. आणि एकदा आलं की झालं, आयुष्यात एकच मूस, पुन्हा नाव घालता येत नाही. मी पत्र उघडलं, वाचलं, आणि तिथेच टपालपेटीशी रस्त्यात उभी राहून रडले. सदुसष्ट वर्षांची बाई, पायात घरातल्या चपला, रडतेय. आत आले, हार्लनला म्हटलं, "हार्लन, माझं नाव आलं." त्यानं पत्र घेतलं, वाचलं, चष्मा काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलणार, आणि म्हणाला, "मग कुठली नेणार?"

कुठली म्हणजे? तर बंदूक!

आणि तिथून जे सुरू झालं ते सप्टेंबरपर्यंत थांबलं नाही. कारण माझ्या डोक्यात नंतर उजेड पडला. ह्या तिघांच्या मिळून पस्तीसेक बंदुका, पण एकीनंही कधी काही मारलेलं नाही, आणि आता परवाना आलाय फक्त मला. म्हणजे ज्याची बंदूक मी नेईन, त्याची बंदूक मूस मारणार. मग तो जन्मभर शनिवारी टॉवेलवर ती ठेवून म्हणणार, "हिनं मूस पाडलाय हो." कुणी पाडला ते विचारायची गरजच नाही. एकेक जण एकेकटा मला गाठायला लागला. डेलमार चर्चच्या पायऱ्यांवर. "ओपल, तुझ्या वडिलांची रायफल चांगली आहे, मी नावं नाही ठेवत, पण कवळीनंही चावता येतं गं, खरे दात वेगळे." वेन्डलनं तर माझ्या दाराशी शाळेची बस थांबवली, आत बावीस पोरं, आणि खिडकीतून म्हणतो, "ओपलबाई, आणलीय, हातात घेऊन बघा ना एकदा." पोरं सगळी शाळेला उशिरा. आणि हार्लन घरातच, त्याला कुठे गाठायची गरज. मी दात घासतेय, हा मागे आरशात, बंदूक घेऊन.

मी म्हटलं, ऐका. मूस मी मारणार, माझ्या वडिलांच्या रायफलीनं मारणार. पण ते जनावर घोड्याहून मोठं, ते रानातून बाहेर काढायला मला तीन जोड खांदे हवेत. खांदे आणायचे आणि तोंड बंद ठेवायचं, जमेल? तिघांनी माना डोलावल्या. आणि हार्लनला वेगळं एकच काम सांगितलं, की गॅरेजमधला मोठा फ्रीझर रिकामा करून ठेव. उन्हाळाभर त्यात काही नव्हतंच, तरी जुनं काही तळाला राहिलं असेल तर काढ, पुसून घे. मांस आणलं की ताबडतोब आत गेलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. "झालं समज," हार्लन म्हणाला. मी समजले. चूक माझीच.

निघालो. पिकअपमध्ये मागे काय ठेवलंय म्हणून ताडपत्री उचलली, तर सात बंदुका. एक माझी, सहा त्यांच्या. मी म्हटलं, परवाना मला एकटीला आहे, तुम्ही कशावर झाडणार? तर तिघं एका सुरात, आधी घोकल्यासारखे, "अस्वल आलं तर?" आलंच एखादं अस्वल तर ते ह्या तिघांची दुकानदारी बघून स्वतःच्या पायानं परत जाईल. पण नाही म्हटलं असतं तर हे आलेच नसते, आणि मला खांदे हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं उजाडल्यावर, ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत, पाण्यात मूस उभा होता. काय सांगू तुम्हाला. काळा, ओला, शिंगांवरून पाणी गळतंय, आणि सावकाश चघळतोय. चोवीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते तो ऐंशी पावलांवर, वारा आमच्या तोंडावर, त्याला पत्ताच नाही. वडिलांची फार आठवण आली. मी हळूच एका गुडघ्यावर बसले, रायफल लाकडाच्या ओंडक्यावर टेकवली…

तर डाव्या कानात, "ओपल, अजून वेळ गेलेली नाही." डेलमार. सरपटत आलाय आणि आपली बंदूक माझ्यासमोर धरलीय. "हिच्या दुर्बिणीत बघ, त्याच्या पापण्या दिसतात." तेवढ्यात उजवीकडून वेन्डल, "पापण्या काय करायच्यात, ही घ्या ओपलबाई, हातात घेऊन बघा ना एकदा." प्लास्टिक काढलेलं होतं, तेवढं मी मान्य करते. मागून हार्लन, दात-ओठ खात, "माझी बायको आहे, माझी घेईल." डेलमार म्हणतो, "तू तर तिला ही केव्हापासून आहे म्हणालास, मग आता नवी म्हणून काय पुढे करतोस?" "तू गप्प बस." "तूच गप्प बस." "तुझ्या दुर्बिणीत सेल घातलेत का बघ आधी." डेलमारनं बघितलं. नव्हते घातलेले! खिसे चाचपतोय, औषधाच्या डब्या निघतायत, पेपरमिंट निघतायत… आणि तो मूस, तुम्हाला खोटं वाटेल, चघळायचा थांबला आणि आमच्याकडे बघायला लागला. हे काय प्रकरण आहे ते त्यालाही कळेना. मला वाटलं आता गेला, आता एक उडी मारेल आणि चोवीस वर्षं आणि वर माझ्या वडिलांची एकतीस, सगळी त्या झुडपांत शिरतील आणि मी ह्या तिघांकडे बघत बसेन.

मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

एक गोळी. दोन पावलं टाकली त्यानं, आणि बसला, आणि आडवा झाला. संपलं. मी मागे वळून बघितलं, की कुणीतरी काहीतरी म्हणेल. तर तिघांचे चेहरे पडलेले. उतरलेले म्हणजे किती, घरात कुणी गेल्यासारखे. शेवटी डेलमार म्हणाला, "घाई केलीस ओपल."

घाई! चोवीस वर्षं!

बरं, आता ऐका, खरं काम पुढेच. एवढं जनावर पडलं की लगेच उघडावं लागतं, कातडं काढावं लागतं, आतली ऊब बाहेर गेली पाहिजे, नाहीतर मांस आंबतं. ऊन चढायला लागलेलं. मी सुरी काढली, बाह्या वर केल्या, म्हटलं, "हार्लन, पाय धर." तर हार्लन म्हणतो, "थांब, एक फोटो." मला वाटलं माझा. मी आपली केस मागे सारून शिंगांपाशी बसले. तर वेन्डल म्हणतो, "ओपलबाई, जरा सरकता का? दस्ता झाकला जातोय."

माझ्या मूसच्या शिंगांवर त्यानं स्वतःची बंदूक ठेवली होती. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या, मग शिंगं उजेडाकडे वळवून. मग डेलमारची पाळी. मग हार्लनची. मग सहाही एका रांगेत. मी सुरी घेऊन उभी. "अरे, मांस तापतंय," मी म्हणतेय. "दोन मिनिटं," म्हणतात. मी शेवटी फोटो चालू असतानाच पोट फाडलं. त्या सगळ्या फोटोंत खाली कोपऱ्यात माझं ढुंगण आहे. वेन्डलनं ते कापून उरलेला फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय.

आणि खांदे? ज्यासाठी हे लटांबर आणलं ते खांदे? मांसाच्या पिशव्या भरल्या, पिकअप अर्ध्या मैलावर, आणि तेव्हा ह्यांना शोध लागला की सहा बंदुका पिकअपमध्ये एकट्या ठेवता येत नाहीत. कुणी नेल्या तर? कोण नेणार, तिथे माणूस नाही, कावळे आहेत. तरी एकानं पहाऱ्याला बसायचं ठरलं. मग त्याच्या सोबतीला दुसरा, कारण अस्वल आलं तर एकटा माणूस काय करणार? चार बंदुका जवळ घेऊन! राहिला हार्लन. तो आला माझ्याबरोबर, नाही म्हणत नाही, पण दोन्ही खांद्यांवर आपल्या दोन बंदुका अडकवून, त्यामुळे हात रिकामे आणि खांदे भरलेले, आणि पिशवीचा पट्टा टाकायला जागा नाही. मी नातवंडांची बर्फात खेळायची प्लास्टिकची घसरगाडी नेली होती, तिच्यावर माल टाकून ओढत राहिले. आठ फेऱ्या. पाचव्या फेरीला मूसची मागची तंगडी घेऊन पिकअपशी पोचले, तर वेन्डल आणि डेलमार सावलीत बसून एकमेकांच्या बंदुका खांद्याला लावून बघतायत. मी ती तंगडी उचलली आणि वेन्डलच्या मांडीवर टाकली. म्हटलं, "हातात घेऊन बघ ना एकदा." तर म्हणतो कसा, "बापरे, वजन काय आहे." खांद्याला कशी बसते ते काही बोलला नाही.

ते असो. मांस वाचलं. रात्रभर थंडीत झाडाला टांगून ठेवलं, दुसऱ्या दिवशी उजाडतानाच घरी आलो, जेवणाच्या टेबलावर मी सगळं कापलं, पांढऱ्या कागदात गुंडाळलं, प्रत्येकावर तारीख घातली, आणि तुम्हाला सांगते, त्या पुड्यांची रास बघून मला इतकं समाधान वाटलं की पाठ दुखायची थांबली. दोन वर्षांची बेगमी. पहिली टोपली उचलली, गॅरेजमध्ये गेले, फ्रीझरचं झाकण उघडलं.

आत बंदुका.

पाच. माझ्या चादरीत गुंडाळून. ज्या "केव्हापासून" होत्या त्या इथे होत्या. बंदुकांची तिजोरी भरली म्हणून हार्लननं एप्रिलपासून फ्रीझर बंद करून त्यात बंदुका भरल्या होत्या, कारण हिला काय, ही हिवाळ्याशिवाय झाकण उघडत नाही. मी ओरडले नाही. मी म्हटलं, "काढ त्या, आणि फ्रीझर चालू कर." तर हार्लन जागचा हलेना. बुटांकडे बघतोय. म्हटलं, काय झालं? तर म्हणतो, "चालू नाही होणार." का नाही होणार? तर पुटपुटला. मोठ्यानं बोल म्हटलं. तर म्हणतो, बंदुकांना दमट हवा चालत नाही, गंज चढतो, म्हणून आत एक तापणारी कांडी बसवलीय, सगळे बसवतात, आणि तिची वायर बाहेर काढायला बाजूला एक भोक पाडलं. आणि ते भोक गेलं गार करणाऱ्या नळीतून, सगळा गॅस फुस्स. मी आत हात घातला. गरम! ह्या माणसानं फ्रीझर गरम करून ठेवला होता, आणि वर मला म्हणतो, "पण आत एक थेंबभर ओल नाही, हात फिरवून बघ."

घरात पाचशे पौंड मूस, दुपारचे तीन, उन्हं खिडकीतून आत. वेन्डलला फोन केला. त्याचा फ्रीझर आहे, पण त्याचा आवाज असा काही पडला की मी पुढे विचारलंच नाही. उरला डेलमार. त्याच्या बायकोचे दोन आहेत, दोन्ही चालू, कारण ती बाई शहाणी आहे, किल्ली गळ्यात घालते. सगळा मूस तिथे नेऊन टाकला.

म्हणजे आता कसं आहे, तुम्हाला सांगते. मूस माझा. परवाना माझा, गोळी माझी, पाठ माझी. आणि रविवारी एक रस्सा करायचा म्हटलं तरी मला पिशवी घेऊन डेलमारच्या दारात उभं राहावं लागतं. त्याची बायको तळघरात पुडा काढायला जाते, तिचा गुडघा दुखतो, तिला वेळ लागतो. आणि तेवढ्या वेळात डेलमार स्वयंपाकघरात येतो, घसा खाकरतो, आणि टेबलावर टॉवेल पसरतो. "आलीच आहेस, तर हातात घेऊन बघ ना एकदा."

मी पिशवी खाली ठेवते. घेते हातात. खांद्याला लावते, एक डोळा मिटते, आणि म्हणते, "वा डेलमार, काय वजन आहे, काय चाप आहे, अगदी लोण्यासारखा." काय करणार? मूस त्याच्याकडे आहे.